पिस्ता रंग, दिवसातून दोनदा

आजाऱ्याला भेटायला जाताना माणसं शहाळं नेतात, सफरचंदं नेतात, गेला बाजार बिस्किटाचा पुडा तरी नेतात. पडद्याच्या कापडाचे तुकडे नेणारा माणूस मात्र मी एकच पाहिला. ते पेशंटच्या उशाशी बसत, एकेक तुकडा त्याच्या डोळ्यांसमोर धरत आणि विचारत, "हा बघून कसं वाटतं?" पेशंट बिचारा मांडीत सळई घालून घेऊन पडलेला. तो म्हणायचा, "दुखतं." मग ते तुकडा बाजूला ठेवत आणि म्हणत, "म्हणजे हा नको."

ते इंटिरियर डिझायनर होते, पण तसं म्हटलेलं त्यांना आवडत नसे. "मी भिंतींचा वैद्य आहे," असं ते सांगत, आणि समोरचा हसला की भिंतीकडे बघून खांदे उडवत. जणू भिंतीला आणि त्यांनाच काय ते कळत होतं. आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो. पांढरा कुडता, गळ्यात दोरीला लोंबणारा चष्मा आणि हातात सतत मोजपट्टी. बोलता बोलता ती मोजपट्टी हातभर ओढायची आणि खटकन सोडायची, ही त्यांची सवय. नवीन पेशंट त्या आवाजाला दचकायचे. दचकलेल्या पेशंटला शांत करण्यासाठी सर मग त्याच्या भिंतीचा रंग बदलायचे.

मी फिजिओथेरपिस्ट. गंगापूर रोडच्या एका हॉस्पिटलात तेव्हा नोकरीला होते. हाडं मोडलेली आणि अंगावरून वारं गेलेली, अशी दोन तऱ्हेची माणसं आमच्याकडे यायची. आमचे मोठे डॉक्टर कुठल्याशा परिषदेसाठी परदेशी गेले. लोक येताना चॉकलेटं आणतात, हे एक कल्पना घेऊन आले. खोलीचा रंग, उजेड, खिडकीतून दिसणारं झाड, यांनीही माणूस लवकर बरा होतो म्हणे. यात खोटं काहीच नाही, आणि त्यासाठीच सरांना बोलावलं गेलं. फक्त आमच्याकडे सुरुवात लिफ्टपासून करायला हवी होती, हे कुणाला सुचलं नाही. लिफ्ट बंदच राहिली आणि जिन्याला पिस्ता रंग लागला. पाय मोडलेला माणूस चार जणांच्या खांद्यावरून वरच्या मजल्यावर जाताना त्याला प्रसन्न वाटावं, हा हेतू. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते मी लहानपणापासून ऐकत होते. आमच्याकडे तर सोमेश्वर त्याच रस्त्यावर, थोडं पुढे आहे.

सर कामाला लागण्याआधी प्रत्येक खाटेवर स्वतः झोपून बघायचे. "तुम्हा लोकांना भिंत दिसते. पेशंटला छत दिसतं," हे त्यांचं लाडकं वाक्य. पायातल्या चपला काढून, हात छातीवर ठेवून ते बराच वेळ छताकडे बघत पडून राहत. एकदा अशा अवस्थेत नव्याने लागलेल्या सिस्टरने येऊन त्यांचं बीपी घेतलं. ते चांगलंच वाढलेलं निघालं. सिस्टर घाबरली. सर पडल्यापडल्याच म्हणाले, "वाढणारच. डोक्यावर पांढरी ट्यूबलाइट आहे." दुसऱ्या दिवशी ट्यूबलाइट गेली आणि पिवळे दिवे आले. गोळी मात्र त्यांनी घेतली नाही. पिवळ्या दिव्यांत सिस्टर लोकांना शीर सापडेना, म्हणून त्या बिचाऱ्या मोबाइलचा टॉर्च तोंडात धरून सुया टोचायला लागल्या.

मोठ्या वॉर्डात त्यांनी एक भलंमोठं चित्र लावलं होतं. करड्या रंगावर पांढऱ्या, वाकड्यातिकड्या रेघा. त्यातून मनाला विसावा मिळतो, असं त्यांचं म्हणणं. येवल्याकडचे एक आजोबा पहिल्याच दिवशी ते बघून माझा हात घट्ट धरून म्हणाले, "ताई, हा कुणाचा एक्सरे हो? वाचला का तो?" मी सांगितलं की ते चित्र आहे. आजोबांना ते पटलं नाही. घरी जाईपर्यंत ते त्या चित्राकडे पाठ करून जेवले.

माझ्या खात्यातही सरांनी हात घातलाच. हाताच्या व्यायामासाठी माझ्याकडे लाल, पिवळे, निळे असे रबरी चेंडू होते. एका सकाळी बघते तर सगळे चेंडू मळकट पांढरे. "डोळ्यांना गोंगाट होत होता," सर म्हणाले. पांढऱ्या चादरीवर पांढरा चेंडू पेशंटला दिसायचा नाही. तो चाचपडत शोधायचा, आणि तेवढा व्यायाम जास्त व्हायचा. एवढंच काय ते श्रेय मी सरांना देऊ शकते.

आणि खिळा. खिळा म्हटलं की सरांच्या अंगावर काटा यायचा. अख्ख्या हॉस्पिटलात भिंतीला एकही खिळा मारायचा नाही, असा त्यांचा हुकूम. याच्यामागे तत्त्वज्ञानही होतं. "भिंतीला खिळा मारलात, की माणूस अंथरुणाला खिळला." हे ते इतक्या गंभीरपणे सांगत, की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला त्यात काही शास्त्र असावं असं वाटे.

या तत्त्वज्ञानाची गाठ एकदा दिंडोरीच्या एका मावशींशी पडली. द्राक्षबाग असलेलं घर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून पडून खुब्याचं हाड मोडलेलं. आल्या आल्या त्यांनी मला विचारलं, "ओ ताई, हितं एक खिळा नाय का?"

"नाही मावशी. भिंतीला खिळा चालत नाही इथे."

"मग पिशवी कुठं टांगू? माझी देवी कुठं टांगू?"

"कपाटात ठेवा ना."

"देवीला कपाटात कोंडू?" मावशींनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "लय शिकलेली दिसती तू."

सर स्वतः समजावायला आले. भिंत, खिळा, अंथरूण, सगळं सांगून झालं. मावशींनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "साहेब, मी तर बिनखिळ्याचीच खिळलेय की हितं." त्या दिवशी मोजपट्टीचा खटका झाला नाही. दुसऱ्या दिवशी मावशींच्या मुलाने घरून सुतळीचा गुंडा आणला, आणि बागेत तारा ओढतात तशी सुतळी खिडकीच्या गजापासून सलाइनच्या स्टँडपर्यंत, तिथून पडद्याच्या दांडीपर्यंत ओढली. तिच्यावर लुगडं, टॉवेल, पिशवी आणि देवीची तसबीर, सगळं रांगेत. एकही खिळा नव्हता. सरांना बोलायला जागाच राहिली नाही, आणि जागा हाच तर त्यांचा धंदा.

सरांच्या घरी मी एकदाच गेले होते, त्यांनी चहाला बोलावलं म्हणून. ते घर पाहून मला आधी वाटलं, सामान अजून यायचंय. नंतर कळलं की सामान आहे, पण ते दिसू न देण्यातच सगळी कला आहे. गॅस एका फळीमागे, देव दुसऱ्या फळीमागे, टीव्ही तिसऱ्या. मी सोफ्यावर बसले, उठले, तर सरांनी लगेच उशीची सुरकुती काढली. काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, राखाडी कपातून चहा आणला आणि कप ठेवायच्या आधी खाली बशी, बशीखाली रुमाल ठेवला. स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले तेव्हा मात्र काकूंनी कपाटाचं दार उघडलं आणि आतल्या बाजूला चिकटपट्टीने लावलेलं कॅलेंडर मला दिसलं. त्यावर दूधवाल्याचे खाडे मांडलेले होते. चोरून सिगारेट ओढणाऱ्या मुलासारखं तोंड करून काकूंनी दार मिटलं.

"घर छान आहे हो," मी म्हटलं, काहीतरी म्हणायचं म्हणून.

"बरं आहे," काकू म्हणाल्या.

मराठीत 'बरं'इतका सोयीचा शब्द दुसरा नाही. बरं म्हणजे हो नव्हे. छान तर नव्हेच नव्हे. बरं म्हणजे, तुम्ही बोललात ते माझ्या कानावर पडलं, आता पुढे चला. सर काकूंना विचारत, सोफा राखाडी घेऊ? बरं. खिडकीतल्या कुंड्या काढू? बरं. तुझ्या आईचं ते तांब्यापितळेच्या भांड्यांचं कपाट आता देऊन टाकू? बरं. सरांना पांढऱ्या रंगाच्या कितीतरी छटा ओळखू यायच्या. 'बरं'च्या दोनसुद्धा कधी ओळखता आल्या नाहीत. उलट ते कौतुकाने सगळ्यांना सांगत, "पहिली पसंती तिची असते. ती बरं म्हणाली की मी निर्धास्त."

आणि मग एके दिवशी काकूंच्याच अंगावरून वारं गेलं. डावी बाजू. सर त्यांना घेऊन आमच्याकडेच आले. दुसरं कुठलं हॉस्पिटल त्यांना चाललं नसतं, तिथे भिंती दुसऱ्याच्या होत्या ना. स्पेशल रूम मात्र मिळाली नाही. सगळ्या स्पेशल रूम त्यांनीच बंद ठेवल्या होत्या, रंगाचा दुसरा हात वाळायचा होता म्हणून. काकूंची खाट मोठ्या वॉर्डात, खिडकीजवळ, दिंडोरीच्या मावशींच्या शेजारी पडली.

झटका तसा सौम्य होता. उजवी बाजू शाबूत, वाचा शाबूत. थोड्या दिवसांत डाव्या पायात ताकद यायला लागली, हे मला हाताला कळत होतं. पण काकू उभ्या राहीनात. उठवायला गेलं की अंग सोडून द्यायच्या. बोलायच्याही जवळजवळ नाहीत. "काकू, पाय उचला." "बरं." पाय तिथेच. "काकू, चेंडू दाबा." "बरं." चेंडू घरंगळत मावशींच्या खाटेखाली. मोठे डॉक्टर म्हणाले, आता चाकाच्या खुर्चीची तयारी ठेवा, पाय असाच पडून राहिला तर पुढे काही खरं नाही.

सर दिवसातून दोनदा यायचे. सकाळी आणि संध्याकाळी रंग कसा दिसतो, ते बघायला. आता त्यांच्या हातात मोजपट्टी नसायची. काकूंच्या समोरची भिंत त्यांनी एकदा गडद करून घेतली, मग फिकी, मग परत पिस्ता. वासाने अख्खा वॉर्ड खोकत होता. मी एकदा चिडून म्हटलं, "सर, पायाला रंग लावून बघायचा का आता?" ते हसले नाहीत. खाटेच्या कडेला बसून भिंतीकडे बघत म्हणाले, "माझी आई गेली ना, तेव्हा दवाखान्यात तिच्यासमोरच्या भिंतीवर कुणीतरी पान थुंकलेलं होतं. महिनाभर तीच भिंत बघत होती ती. मी लहान होतो, मला पुसता आलं नाही." मग थोडं थांबून म्हणाले, "तेव्हा भिंत दुसऱ्याची होती. ही भिंत माझी आहे. तरी ही उठत नाही." त्यांच्या पिस्त्याचा मला अजूनही राग येतो, पण त्या दिवशी मला त्यांचं फार वाईट वाटलं.

त्याच आठवड्यात एका दुपारी जेवायला जाताना मी मोबाइल वॉर्डात विसरले आणि परत आले. बघते तर काकू मावशींच्या खाटेवर बसलेल्या. मध्ये वर्तमानपत्र, त्यावर मेथीची जुडी. दोघी मेथी निवडत होत्या. मावशी सुनेच्या गोष्टी सांगत होत्या आणि काकू तोंडाला पदर लावून हसत होत्या. काकूंचा डावा हात एकेक पान असं खुडत होता, की माझे सगळे चेंडू बघून लाजले असते. दोन खाटांमधलं अंतर त्या काही उडून गेल्या नसणार. एवढ्यात त्यांची नजर माझ्यावर पडली आणि डावा हात एकदम मांडीवर लुळा पडला. इतका झटपट आलेला अर्धांगवायू मी अजूनपर्यंत पाहिलेला नाही.

"काकू, हे काय?"

"यांना सांगू नकोस ग," काकू म्हणाल्या. इतक्या दिवसांत मी ऐकलेलं त्यांचं पहिलं पूर्ण वाक्य. "चालायला लागले की घरी नेतील."

"मग घरी जायचं नाही का तुम्हाला?"

काकूंनी ओल्या लुगड्याकडे, सुतळीवरच्या देवीकडे, मेथीच्या काड्यांकडे बघितलं. "तिथे मी पाय पुसून आत जाते आणि मागे वळून बघते, डाग पडला का. मोठ्याने भांडं ठेवत नाही. इतकी वर्षं झाली, ते घर मला पाहुणी म्हणून ठेवून घेतंय असं वाटतं. इथे कसा पसारा आहे बघ. इथे मला झोप लागते."

"ऱ्हाऊ द्या की ताई चार दिस," मावशी म्हणाल्या. "मलाबी करमतंय."

मी हसले आणि लगेच घाबरले. कारण ही गंमत नव्हती. दिवसभर पडून राहायचं आणि दुपारी तेवढी चार पावलं टाकायची, याने पाय बरा होत नाही. तो हळूहळू खरंच विसरत जातो. मी काकूंना तसं स्पष्ट सांगितलं. "मी सरांना काही बोलणार नाही. पण तुम्ही बोला. नाही तर नाटकातला पाय खरा होऊन बसेल आणि मग जन्मभर त्या घरात चाकाच्या खुर्चीवर. तिथे तर चाकांचेही डाग पडतात." काकूंनी मेथी निवडून पूर्ण केली.

दोन दिवसांनी सर मोठा कागद घेऊन आले. चेहरा बऱ्याच दिवसांनी फुललेला. कागद त्यांनी काकूंच्या पांघरुणावर पसरला. मी काकूंचा पाय वाकवत होते, तशीच थांबले.

"तुझ्यासाठी घरच बदलतोय," सर म्हणाले. "हे बघ, स्वयंपाकघर काढून टाकायचं. तुला आता ओट्याशी उभंच राहायचं नाही. डबे, भांडी, सगळं जाईल. ती भिंत पाडली की एवढी मोठी खोली होते. मध्ये तुझी खाट, समोर मोकळी भिंत. कुठे काही दिसणारच नाही. आवडलं ना?"

सर वाट बघत होते, सवयीने, निर्धास्तपणे.

"नाही," काकू म्हणाल्या.

"काय?"

"नाही."

सर ताडकन उठले. कागद खाली पडला. "सिस्टर! डॉक्टरांना बोलवा! हिचं बोलणं बिघडलं!"

धावपळ उडाली. मोठे डॉक्टर धापा टाकत वर आले, लिफ्ट बंदच होती ना. त्यांनी डोळ्यांत टॉर्च मारला. हसून दाखवा म्हणाले, काकू हसल्या. दोन्ही हात वर करा म्हणाले, काकूंनी दोन्ही हात सरळ डोक्यावर नेले. डॉक्टर गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. मी खिडकीबाहेर बघायला लागले.

"सगळं ठीक आहे," डॉक्टर म्हणाले.

"मग ही नाही का म्हणतेय?" सर दाराशी उभे राहून जवळजवळ ओरडलेच.

काकूंनी पांघरूण बाजूला केलं. खाटेचा कठडा धरून त्या उभ्या राहिल्या. मी पुढे झाले, तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. डावा पाय थोडा ओढत, पण एकेक पाऊल नीट टेकवत त्या खाटांमधून सरांकडे निघाल्या. मावशींनी सुतळीवरचं लुगडं वर उचलून धरलं आणि काकू त्याच्याखालून गेल्या.

"माझ्या स्वयंपाकघराला हात लावायचा नाही," काकू म्हणाल्या. "ऐकलंत?"

"चाललीस तू," सर म्हणाले.

"मी काय म्हणतेय ते ऐकलंत का?"

"अगं, चाललीस तू." आणि तो माणूस दाराच्या चौकटीला टेकून सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडला. त्यांना त्या क्षणी भिंत दिसत नव्हती, छत दिसत नव्हतं. मावशींनी डोळ्यांना पदर लावला. मी पण रडले, सांगायला लाज कसली.

मग वाटाघाटी झाल्या, वॉर्डातच, सगळ्यांच्या साक्षीने. घरी यायचं, तर मागची खोली काकूंची. तिथे काय ठेवायचं, कुठे ठेवायचं, ते काकू बघणार. सर खाली मान घालून ऐकत होते. शेवटी त्यांनी लहान मुलासारखं विचारलं, "आणि मी? मी यायचं नाही का त्या खोलीत?"

काकूंनी थोडा विचार केला. "यायचं. पण डोळे मिटून."

काकू घरी गेल्यावर काही दिवस सर सगळ्यांना सांगत फिरत होते, की पिस्त्याचा शेवटचा हात लागला आणि ती उठली. मोठ्या डॉक्टरांनी हॉस्पिटलच्या माहितीपत्रकात ते छापूनही घेतलं. कुणी खोडून काढलं नाही. मावशी घरी जाताना मला पेटीभर द्राक्षं देऊन म्हणाल्या, "पुढच्या येळी आधी खिळा मारून ठेव." मी त्यांना पुढची वेळ नको म्हणून सांगितलं.

पुढे व्यायामासाठी मी काकूंच्या घरी जायला लागले. बाहेरचं घर होतं तसंच, सामान न आलेलं. पहिल्याच दिवशी मागच्या खोलीचं दार लोटलं तर आत काकू खाटेवर पाय पसरून शेंगा सोलत बसलेल्या. शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर सर, डोळे गच्च मिटून, दोन्ही हात गुडघ्यांवर. दार वाजलं तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"किती वेळ झाला यांना?" मी हळूच विचारलं.

"जेवण झाल्यापासून," काकू म्हणाल्या. मग त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "उघडा आता. व्यायामवाली मुलगी आलीय."

"नको," सर म्हणाले. "उघडले की मी काहीतरी हलवीन. तू सांग. काय काय आहे ते तूच सांग."

काकूंनी शेंग खाली ठेवली. एवढ्या वर्षांत त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी दारापासून सुरुवात केली. दारामागे छत्री आणि जुनी ट्रंक. ट्रंकेवर लाल फुलांची चादर. खिडकीत कुंड्या, त्यातली एक फुटकी, पण तुळस चांगली आलीय. खुर्चीच्या पाठीवर वाळलेले कपडे, घड्या घालायच्या राहिल्यात.

फुटक्या कुंडीपाशीच सरांच्या कपाळावर आठी आली होती. कपड्यांपाशी तर त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. डोळे मात्र मिटलेलेच.

"पुढे?" ते म्हणाले.